स्कॉट्समधलं ‘गाङ्’: स्कॉटलंडला नव्याने आलेल्यांसाठी ‘जाणे’ क्रियापदाची पायरी-पायरीने ओळख

स्कॉटलंडला शिकायला किंवा नोकरीला आलेल्या आपल्या मुलामुलींना पहिल्या महिन्यात सगळ्यात जास्त वेळा कानावर पडणारं आणि तरीही न कळणारं क्रियापद म्हणजे ‘जाणे’. कुठे चाललास, जाऊन आलो, चल जाते मी, एवढंच साधं. पण आयईएलटीएसला उत्तम बँड घेऊन आलेला मुलगा ग्लासगोच्या बसस्टॉपवर उभा असतो, शेजारच्या आजी मायेने विचारतात ‘ह्वॉर ये गॉन, सन?’ आणि हा फक्त मान हलवतो, कारण त्याच्या डोक्यात ‘गोइंग’ आहे आणि कानावर ‘गॉन’ पडलंय, आणि ‘गॉन’ म्हणजे त्याच्या हिशोबाने ‘गेलेला’. म्हणजे अर्थ पार उलटा लागतो.

म्हणून हा लेख एकाच क्रियापदावर आहे. ‘गाङ्’ आणि त्याचं सख्खं भावंड ‘गे’. हे एवढं नीट बसलं ना की अर्धी स्कॉट्स, म्हणजे इथल्या लोकांची बोलायची भाषा, आपोआप उलगडते असं माझं स्पष्ट मत आहे, कारण या एका शब्दात तिचे उच्चार, तिचं व्याकरण, तिच्या म्हणी आणि तिचा इतिहास असं सगळं एकत्र सापडतं.

आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. स्कॉट्स म्हणजे बिघडलेली इंग्रजी नाही. जुन्या इंग्रजीची जी उत्तरेकडची बोली होती तिच्यातून ती वाढली, म्हणजे आजच्या इंग्रजीची ती बहीण, मुलगी नव्हे. आणि गेलिक, म्हणजे स्कॉटलंडची दुसरी जुनी भाषा, वेगळी, ती केल्टिक कुळातली, तिचा आणि स्कॉट्सचा व्याकरणाचा काही संबंध नाही, फक्त शेजार. २०११ च्या जनगणनेत स्कॉट्स येते का असा प्रश्न पहिल्यांदा विचारला गेला तेव्हा साधारण १५ लाख लोकांनी आम्ही ती बोलतो असं सांगितलं, आणि २०२२ च्या जनगणनेतही बोलणाऱ्यांचा आकडा त्याच्याच आसपास राहिला. २०२५ मध्ये स्कॉटिश पार्लमेंटने कायदा करून गेलिकबरोबर स्कॉट्सलाही अधिकृत दर्जा दिला. हे मुद्दाम सांगतोय, कारण इथल्या कितीतरी आजी-आजोबांना शाळेत ‘नीट बोल’ म्हणून ओरडा बसलेला आहे, मार बसलेला आहे, आणि आपल्याकडे मालवणी किंवा वऱ्हाडी बोलणाऱ्या पोराला ‘शुद्ध बोल’ म्हणून गप्प बसवतात ते ज्यांनी पाहिलंय त्यांना ते लगेच कळेल. तर ‘चुकीची इंग्रजी’ हा विचार दारातच सोडा आणि मग पुढे चला.

पहिली पायरी: उच्चार

हा शब्द लिहितात इंग्रजीतल्या टोळीवाल्या ‘गँग’सारखाच, स्पेलिंग तेच, पण उच्चार तसा नाही. मधला स्वर ‘ॲ’ नाही, मोकळा आखूड ‘आ’ आहे, आणि शेवटी ‘ग’ ऐकू येत नाही, फक्त नाकातला ‘ङ’. ‘वाङ्मय’ म्हणताना जीभ मागे लागून जो ‘ङ्’ येतो ना, तोच. ‘गाङ्’. आपल्याला हा आवाज येतो, फक्त शब्दाच्या शेवटी वापरायची सवय नाही, म्हणून आपण हमखास ‘गांग’ करून मागे एक ‘ग’ चिकटवतो. ‘गाङिन’ म्हणताना तर अजूनच, आपण ‘गांगिन’ म्हणतो. स्कॉट्समध्ये ‘फिंगर’लासुद्धा बऱ्याच ठिकाणी ‘फिङर’ म्हणतात, मधला ‘ग’ नसतोच. दहा वेळा ‘वाङ्मय’ म्हणा, मग ‘वाङ्’ वर थांबा, मग ‘गाङ्’ म्हणा. याच्याहून सोपा उपाय मला माहीत नाही.

बाकीची रूपं सोपी आहेत. ‘गे’ म्हणजे जा. ‘गेज’ म्हणजे जातो. ‘गॉन’ म्हणजे जातोय, चाललोय. ‘गेड’ म्हणजे गेला. ‘गेन’ म्हणजे गेलेला.

इथे ‘गेड’ आणि आपला ‘गेला’ ऐकून मराठी माणसाचे कान टवकारतात, पण तो निव्वळ योगायोग आहे, त्यावर नातं जोडू नका. खरं नातं वेगळीकडेच आहे आणि ते जास्त मजेदार आहे. बऱ्याच जणांना वाटतं की ‘गाङ्’ म्हणजे आपलं ‘गम्’, ‘गमन’, ‘गंगा’ त्यातलंच काहीतरी असणार. तसं नाही. संस्कृत ‘गम्’ धातूचं इंग्रजीतलं भावंड म्हणजे ‘कम’, येणे. आणि ‘गाङ्’ ज्या प्राचीन मुळापासून आला, पाऊल टाकणे अशा अर्थाच्या, त्या मुळाची संस्कृतातली खूण म्हणजे ‘जङ्घा’. म्हणजे आपली जांघ. संस्कृतात जङ्घा म्हणजे गुडघ्याखालचा पाय होता, मराठीत येईपर्यंत तो वर सरकला, ते असो. पण ‘गाङ्’ हा मुळात पायांचा शब्द आहे, चालण्याचा, आणि हे लक्षात ठेवलं तर पुढचे अर्थ सोपे जातात.

दुसरी पायरी: गे आणि गाङ्, कुठे कुठलं

दोन्हीचा अर्थ जाणे. मग दोन कशाला? जुन्या इंग्रजीतच दोन क्रियापदं होती, एक आखूड, एक लांब. इंग्रजीने आखूड ठेवलं, लांब टाकून दिलं. स्कॉट्सने दोन्ही ठेवली आणि त्यांचा एकत्र संसार लावून दिला. म्हणजे असं की ‘गाङ्’ला स्वतःचा भूतकाळ सहसा नसतो, तिथे तो ‘गे’कडून ‘गेड’ आणि ‘गेन’ घेतो. ‘आ’ल गाङ्’ म्हणजे मी जाईन. ‘दे गाङ्’ म्हणजे ते जातात. काल गेलो म्हणायचं तर ‘आ गेड’. आत्ता चाललोय म्हणायचं तर ‘आम गॉन’. ‘गाङिन’ असतं, पण रोजच्या बोलण्यात ‘गॉन’च जास्त.

मराठी माणसाला हे अवघड जायचं काही कारण नाही कारण आपण हेच करतो. ‘जातो’ आणि ‘गेलो’ बघा, ‘ज’ कुठे आणि ‘ग’ कुठे! ‘जा’ आला संस्कृत ‘या’पासून, ‘गेला’ आला ‘गत’पासून, दोन वेगळ्या धातूंची मोट बांधून आपण एक क्रियापद चालवतो आणि कुणाला काही खटकत नाही. इंग्रजीतही तसंच, ‘गो’चा भूतकाळ ‘वेन्ट’ हा मुळात ‘वेन्ड’ नावाच्या दुसऱ्याच क्रियापदाचा. स्कॉट्सचं ‘गेड’ मात्र ‘गे’लाच प्रत्यय लावून झालेलं. अर्थात आजच्या ग्लासगोत तुम्हाला ‘वेन्ट’ही भरपूर ऐकू येईल, आणि इंग्रजी व्याकरणाला न पटणारं ‘आय’व्ह वेन्ट’, ‘ही’ज वेन्ट हेम’ (तो घरी गेलाय) हेही सर्रास ऐकू येईल. ते ऐकून दुरुस्त करायला जाऊ नका. तिथे ते तसंच बोलतात.

नकार करताना ‘नो’ किंवा ‘-ने’ लागतो. ‘आम नो गॉन’ म्हणजे मी जात नाहीये. ‘आ डिडने गे’ म्हणजे मी गेलो नाही. आणि एक गोष्ट इथे मला फार आवडते, दोन सहायक क्रियापदं एकापाठोपाठ येतात, ‘ये’ल नो कॅन गाङ्’, शब्दशः तुला जाता येणार नाही. इंग्रजीत हेच सांगायला वाक्य लांबवावं लागतं, मराठीत ‘जाता येणार नाही’ एका दमात होतं, आणि स्कॉट्समध्येही होतं.

अजून एक नियम आहे जो शाळेतल्या इंग्रजीने आपल्याला चुकीचा म्हणून शिकवलाय. कर्ता अनेकवचनी नाम असेल तर क्रियापदाला ‘-ज’ लागू शकतो. ‘द बेर्न्ज गेज टे द स्कूल’, म्हणजे पोरं शाळेत जातात. पण सर्वनाम शेजारी आलं की तो गळतो, ‘दे गे टे द स्कूल’. आणि मध्ये काही शब्द आले की परत येतो, ‘देम दॅट गाङ्ज’, जे जातात ते. हा गोंधळ नाही, शेकडो वर्षांचा पक्का नियम आहे, जुन्या हस्तलिखितांतही तो दिसतो. बसमध्ये कुणी असं बोललं तर त्याला व्याकरण येत नाही असं मनात आणू नका, त्याला एक जुनं व्याकरण येतंय.

तिसरी पायरी: अर्थ कसे फुटतात

पहिला आणि मूळ अर्थ चालणे. पायांनी. म्हण आहे, ‘वी मॉन क्रीप अफोर वी गाङ्’, चालण्याआधी रांगावं लागतं. इथे ‘गाङ्’चं भाषांतर ‘जाणे’ केलं तर म्हणीचा जीवच जातो, इथे ते चालणंच आहे. याच घरातला एक शब्द ‘गाङ्रेल’, म्हणजे गावोगाव भटकणारा, ज्याला घरदार नाही असा, आणि गंमत म्हणजे नुकतंच पावलं टाकायला लागलेलं बाळ, तेही ‘गाङ्रेल’. अजून एक म्हण, ‘अ गॉन फिट्स आय गेटिन’, चालत्या पायाला काही ना काही मिळतंच. ‘फिट’ म्हणजे पाऊल, ‘आय’ म्हणजे नेहमी.

दुसरा अर्थ साधं जाणं, कुठेही, कशानेही. याच्याबद्दल वेगळं सांगायला नको.

तिसरा अर्थ होणे, एका अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत जाणे. ‘गे वुड’ म्हणजे वेडं होणं, पिसाळणं. ‘गे गाइट’ पण तेच. आणि स्कॉटलंडचा कवी रॉबर्ट बर्न्स याचं ते लाल गुलाबाचं गाणं, १७९४ मध्ये छापलं गेलेलं, त्यात प्रियकर वचन देतो ‘टिल ऑ द सीज गाङ् ड्राय’, सगळे समुद्र आटेपर्यंत. समुद्र कुठे जात नाहीत, ते कोरडे होतात. आपणही ‘वाळून जाणे’, ‘आटून जाणे’, ‘वेडा होऊन जाणे’ म्हणतोच, त्यामुळे हा अर्थ मराठी कानाला परका वाटत नाही.

आता बर्न्सचीच ती सगळ्यात प्रसिद्ध ओळ जरा जवळून बघू, कारण ‘गाङ्’ बाहेरच्या जगाला माहीत झाला तो मुख्यतः तिच्यामुळे. १७८५ ची कविता, पुढच्या वर्षी किल्मार्नकला छापलेल्या त्याच्या पहिल्या संग्रहात आली. एअरशरमधला हा शेतकरी कवी, नांगरताना उंदराचं बीळ मोडलं, थंडी तोंडावर आलेली, आणि तो त्या उंदराशी बोलतोय. ‘द बेस्ट-लेड स्कीम्स ओ माइस अन मेन गाङ् आफ्ट अग्लाय’. ‘आफ्ट’ म्हणजे पुष्कळदा. ‘अग्लाय’ म्हणजे तिरकं, रेषेवरून घसरलेलं, ‘ग्लाय’ म्हणजे तिरळं बघणं त्यातून आलेला शब्द. म्हणजे उंदरांचे काय आणि माणसांचे काय, नीट आखलेले बेत पुष्कळदा वाकडे जातात. आता यात ‘गाङ्’ काय करतोय बघा, बेत चालतायत, पायवाटेवरून चालावं तसे, आणि चालता चालता तिरके होतायत. ‘फिसकटतात’ म्हणून भाषांतर केलं तर अर्थ पोचतो, पण ते वाकडं चालत जाणं राहून जातं. मला विचाराल तर ‘वाकड्यात जातात’ हे मराठी जास्त जवळचं. आणि वाचताना ‘अग्ली’ किंवा ‘अग्ले’ वाचू नका, कारण दोन ओळींनंतर त्याचं यमक ‘जॉय’शी जुळवलंय आणि स्कॉट्समध्ये ‘जॉय’चा उच्चार ‘जाय’च्या जवळ जातो. अग्लाय, जाय. मोठ्याने वाचलं की लगेच कळतं. इंग्रजी उच्चाराने वाचलं तर यमक तुटतं आणि लोकांना वाटतं कवीनेच ढिलाई केली.

नाम म्हणूनही ‘गाङ्’ येतो, आणि हे नव्या माणसाला माहीत नसतं. एक खेप. ‘अ गाङ् ओ वॉटर’ म्हणजे विहिरीवरून एका खेपेत आणता येईल तेवढं पाणी. पीटच्या, म्हणजे जळणासाठी कापलेल्या दलदलीच्या मातीच्या, खेपेलाही तसंच म्हणत. आपल्याकडे ‘पाण्याची एक खेप टाकून येते’ म्हणतात, अगदी तेच. नळ आल्यावर हा अर्थ बोलण्यातून मागे पडला, पण जुन्या लिखाणात भेटतो.

चौथी पायरी: कुठे जायचं ते सांगणारे शब्द

‘गाङ्’ एकटा क्वचित येतो, सोबत दिशा असते. ‘गाङ् अवा’ म्हणजे निघून जा. ‘गाङ् बाय’ म्हणजे बाजूने निघून जाणे, आणि यावरची म्हण इथे अक्षरशः प्रत्येक घरात ऐकू येते, ‘ह्विट्स फर ये’ल नो गाङ् बाय ये’, जे तुझ्या वाट्याचं आहे ते तुला चुकणार नाही. हल्ली ‘गाङ्’च्या जागी ‘गो’ म्हणतात पण म्हण तीच. इंटरव्ह्यू वाईट गेला, नोकरी हातची गेली की कुणीतरी पाठीवर हात ठेवून हे म्हणणार, तेव्हा कळलं पाहिजे की हा धीर आहे.

‘गाङ् बेन’ आणि ‘गाङ् बट’ हे जरा समजून घ्या. जुनं स्कॉटिश शेतघर दोन खोल्यांचं, बाहेरची खोली ‘बट’, तिथे चूल आणि येणंजाणं, आणि आतली ‘बेन’, जरा बरी, पाहुण्यांची. ‘गाङ् बेन’ म्हणजे आतल्या खोलीत जा. आपल्या ओटी-माजघरासारखं म्हणा हवं तर. आज फ्लॅटमध्ये राहणारे लोकही ‘कम बेन’ म्हणतात, म्हणजे या की आत. तुम्हाला कुणी असं म्हटलं तर दारात उभं राहू नका.

‘गाङ् येर एन गेट’ म्हणजे आपल्या वाटेने जा, स्वतःच्या मनाप्रमाणे कर. इथल्या ‘गेट’चा दरवाजाशी संबंध नाही, हा नॉर्स भाषेतून आलेला ‘रस्ता’. आणि हे कळलं की शहराचा नकाशाच वेगळा दिसायला लागतो. एडिनबराचं काउगेट म्हणजे गुरं चरायला न्यायची वाट. कॅननगेट म्हणजे होलीरूडच्या मठातल्या कॅनन लोकांचा, म्हणजे धर्मगुरूंचा, रस्ता. ग्लासगोचं गॅलोगेट म्हणजे फाशीच्या खांबाकडे जाणारा रस्ता, आणि ट्रॉनगेट म्हणजे सरकारी वजनकाट्याचा. तिथे कुठे दरवाजे होते हे शोधत बसू नका.

आणि ड्रमंड घराण्याचं बोधवाक्य, ‘गाङ् वेरिली’, सांभाळून चाल. त्यांच्या चिन्हात जमिनीवर काटे दाखवलेले असतात, चार टोकांचे लोखंडी, कसेही टाकले तरी एक टोक वर राहतं असे. परंपरा सांगते की १३१४ च्या बॅनकबर्नच्या लढाईत इंग्रज घोडदळाच्या वाटेत ते पसरायची कल्पना ड्रमंडांची. म्हणून ‘सांभाळून चाल’.

पाचवी पायरी: आज रस्त्यावर काय ऐकू येतं

खरं सांगायचं तर ग्लासगो, एडिनबराच्या रस्त्यावर ‘गाङ्’ हे रूप आता कमी ऐकू येतं, ते गाण्यांत, म्हणींत, म्हाताऱ्या माणसांच्या आणि खेड्यातल्या बोलण्यात जास्त आहे. पण ‘गॉन’ मात्र जिवंत आहे, ठणठणीत. ‘ह्वॉर ये गॉन?’ म्हणजे कुठे निघालास. यात चौकशी नसते, आपण जिन्यात शेजाऱ्याला ‘काय, निघालात?’ विचारतो तसं आहे. ‘जस्ट हेम’ एवढं उत्तर पुरतं.

‘आम गॉन फर द मेसेजेस’ ऐकलंत तर मोबाइल काढू नका, तो माणूस किराणा आणायला चाललाय. ‘मेसेजेस’ म्हणजे घरसामान. फ्लॅटमेटने ‘तुझ्यासाठी काही मेसेजेस आणू का’ विचारलं तर दूध, ब्रेड सांगा.

‘गॉन डून द वॉटर’ म्हणजे क्लाइड नदीतून बोटीने खाली समुद्राकडे सहलीला जाणं, रोथसे, डनून वगैरे. जुलैमध्ये ग्लासगो फेअरच्या सुट्टीत कारखाने बंद व्हायचे आणि आख्खी शहरं बोटीत बसायची. वेव्हर्ली नावाची वाफेवरची पॅडलवाली बोट, १९४६ मध्ये पाण्यात उतरवलेली, अजूनही उन्हाळ्यात सहली नेते. उन्हाळ्यात इथे असाल तर जरूर जा, एवढं मनापासून सांगतो.

आता ‘गॉन’चा दुसरा वापर, जो पहिल्याशी गल्लत करायला लावतो. ‘गॉन येरसेल!’ फुटबॉलच्या मैदानात, गल्लीत, पबमध्ये. हा ‘गॉन’ म्हणजे जातोय नव्हे, तो ‘गो ऑन’चा आटलेला अवतार. अर्थ, शाब्बास रे पठ्ठ्या, चालू दे. बाईला ‘गॉन येरसेल, हेन’. तुम्ही प्रेझेंटेशन दिलं आणि मागून असं ऐकू आलं तर समजा छान झालं.

आणि ‘गनी’. ‘गोइंग टू’चं आखूड रूप, पण त्याने विनंती करतात. ‘गनी गी अस अ हॉन?’ म्हणजे जरा हात लावतोस का. ‘गनी नो डे दॅट’ म्हणजे नको ना करू असं. हे भविष्यकाळाचं वाक्य नाही, तुम्ही काय करणार आहात असं कुणी विचारत नाहीये, तुम्हाला सांगतायत.

पण मला सगळ्यात जास्त आवडतो तो प्रकार म्हणजे जाण्याचं क्रियापद गाळूनच टाकायचं. ‘आम अवा टे मा बेड’, मी झोपायला चाललो. ‘आम अवा हेम’, घरी चाललो. वाक्यात ‘जाणे’ कुठेच नाही, ‘अवा’ म्हणजे दूर, एवढ्यावर काम भागलं. ‘आ मॉन अवा’, मला निघायलाच हवं. ‘द कॅट वॉन्ट्स ऊट’, मांजराला बाहेर जायचंय. ही पद्धत जुन्या जर्मन कुळातल्या बऱ्याच भाषांत आहे. इंग्रजी बोलतानाही इथले लोक ‘आय’म अवे होम’ म्हणतात आणि हे स्कॉट्स आहे हे त्यांच्या लक्षातही नसतं. ऑफिसात संध्याकाळी कुणी ‘दॅट्स मी अवे’ म्हणालं की तो निघाला, त्यावर ‘कुठे?’ विचारायची गरज नाही. फक्त ‘अवा!’ किंवा ‘अवा विथ ये!’ असं एकटं आलं तर मात्र अर्थ बदलतो, ते म्हणजे ‘चल, काहीतरीच काय’.

ॲबर्डीनकडे गेलात तर कान पुन्हा नव्याने लावावे लागतील. तिकडची बोली डोरिक, तिथे ‘ह्व’चा ‘फ’ होतो आणि ‘ग’नंतर ‘य’ घुसतो. ‘फार ये ग्यान?’ म्हणजे तेच, कुठे निघालास. ‘गाङ्’चा ‘ग्याङ्’. मराठ्यांचा इतिहास लिहिणारा ग्रँट डफ, साताऱ्याला रेसिडेंट होता तो, याच पट्ट्यातल्या बॅन्फ गावचा. आणि मुंबईच्या विल्सन कॉलेजला ज्यांचं नाव आहे ते जॉन विल्सन दक्षिणेकडच्या सीमाभागातल्या लॉडरचे. म्हणजे ज्या भागांत हे दोघं जन्मले तिथल्या घराघरांत या क्रियापदाची दोन वेगळी रूपं चालत होती.

सहावी पायरी: हमखास होणाऱ्या गल्लती

‘गे’ आणि ‘गी’ वेगळे. ‘गी’ म्हणजे देणे. पण जुन्या कवितेत ‘गी’चा भूतकाळही कधीकधी ‘गे’ असाच येतो, म्हणजे ‘शी गे मी’ म्हणजे तिने मला दिलं. मागेपुढे बघून ठरवावं लागतं, देण्यासारखी वस्तू वाक्यात आहे का ते बघा. आणि ‘गाय’ असा उच्चार असलेला अजून एक शब्द, त्याचा अर्थ ‘बऱ्यापैकी, चांगलाच’. ‘गाय कॉल्ड’ म्हणजे चांगलीच थंडी. त्याचा जाण्याशी संबंध नाही.

जुनं लिखाण, म्हणजे १७०० च्या आधीचं वाचणार असाल तर अजून दोन गोष्टी लागतील. एक, चालू क्रियेचं रूप तेव्हा ‘-अंड’ने व्हायचं, ‘गाङंड’ म्हणजे चालत, जात. दोन, भूतकाळाला एक वेगळंच रूप होतं, ‘यीड’. म्हणजे गेला. ‘ही यीड’, तो गेला. हे ‘यीड’ ज्या अक्षराने सुरू व्हायचं त्याचं नाव ‘योख’, दिसायला आकडा ३ सारखं, आणि छापखान्यात तो खिळा नसला की झेड लावायचे. त्यामुळे जुन्या छापील पानावर झेडने सुरू होणारा हा शब्द दिसला तर ‘झीड’ वाचू नका. मेंझीस आडनावाचा मूळ उच्चार ‘मिङिस’ आहे तो याचमुळे, तिथे झेड नव्हताच कधी, योख होता.

सातवी पायरी: शब्दकोश कसा बघायचा

डिक्शनरीज ऑफ द स्कॉट्स लँग्वेज ही वेबसाइट, सगळे डीएसएल म्हणतात, फुकट आहे. तिच्यात दोन मोठे कोश एकत्र आहेत. एक १७०० पर्यंतच्या जुन्या स्कॉट्सचा, बारा खंडांचा, जो २००२ मध्ये पुरा झाला. दुसरा १७०० नंतरचा, दहा खंडांचा, १९३१ ते १९७६ मध्ये निघालेला. ‘गाङ्’ टाकलात की दोन्हीकडच्या नोंदी येतात, आधी कुठला कोश ते बघा, नाहीतर चारशे वर्षांपूर्वीचा अर्थ आजचा समजून बसाल. दुसऱ्या कोशात प्रत्येक उदाहरणाच्या आधी साल आणि परगण्याचं आखूड नाव असतं, ॲबर्डीनचं, एअरचं, शेटलंडचं. नवीन माणसाने मुळी अर्थापेक्षा आधी हीच आखूड नावं वाचावीत, कारण तुम्ही राहता त्या भागात तो शब्द कधी होता, अजून आहे का, हे त्यातून कळतं. स्पेलिंगचा बाऊ करू नका, स्कॉट्सला एकच ठरलेलं स्पेलिंग नाही, ‘गॉन’ तीन-चार प्रकारे लिहिलेलं सापडेल.

शिकायचंच असेल तर ओपन युनिव्हर्सिटीचा स्कॉट्स भाषा आणि संस्कृतीवरचा मोफत ऑनलाइन कोर्स आहे, २०१९ पासून. शाळेतल्या मुलांसाठी २०१४ पासून स्कॉट्स लँग्वेज अवॉर्ड आहे, तुमची मुलं इथल्या शाळेत असतील तर विचारून बघा.

स्वतः बोलावं का?

आधी समजून घ्या, बोलायचं नंतर. ओळख नसताना एकदम ‘आम गॉन’ म्हणायला गेलात तर समोरच्याला वाटू शकतं की आपली नक्कल चाललीय, आणि ज्यांना लहानपणी याच बोलण्यावरून हिणवलं गेलंय त्यांना ते लागतं. पण ओळख झाली, कामावर चार महिने एकत्र काढले, की ‘अवा हेम’, ‘गॉन येरसेल’ आपसूक तोंडात बसतात आणि लोकांना त्याचा आनंदच होतो. सुरुवात ‘आम अवा’ने करा, हे सगळीकडे चालतं आणि कुणालाही नाटकी वाटत नाही. ‘गाङ्’ मात्र गाण्यात आणि म्हणीत वापरा, रोजच्या बोलण्यात नव्या माणसाच्या तोंडी तो पुस्तकी वाटतो.

सरावासाठी ग्लासगो विद्यापीठाचा स्कॉट्स सिंटॅक्स ॲटलस उघडा. नकाशावर गावं आहेत, क्लिक केलं की त्या गावच्या खऱ्या माणसांचं बोलणं ऐकू येतं, सोबत लिहिलेलंही दिसतं. एक गाव ग्लासगोजवळचं घ्या, एक ॲबर्डीनकडचं, आणि लिहिलेलं न बघता फक्त ‘गॉन’, ‘ग्यान’, ‘अवा’ आणि ‘वेन्ट’ हे चारच शब्द टिपत जा, कागदावर चार रकाने करून. नंतर लिहिलेलं उघडून ताडून बघा. सुरुवातीला ‘अवा’च सगळ्यात जास्त निसटतो, कारण त्यात क्रियापद नसतं आणि आपला कान ते शोधत राहतो.